पोपटी कर्जतला, पाणी कल्याणला!

शनिवार सकाळची कर्जत लोकल. पाठीला सॅक, कानात इयरफोन आणि मनात एकच निश्चय... आज बॉसचा फोन उचलायचा नाही! जानेवारीतलं कर्जत-खालापूर म्हणजे पोपटीचा सीझन. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेलं चिकन, वर पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवून द्यायचा. मग फक्त वाट बघायची.

त्या वाट बघण्याच्या वेळात मी बांधाला लागून असलेलं वालाचं एक रोप मुळासकट उपटलं. (मालकांना विचारून हं!) मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. नखाने एक फोडली, तर आत चक्क गुलाबी. बाकीची मंडळी सेल्फीत बिझी होती, पण माझ्या मते त्या दिवसाचा खरा स्टार ती गाठ होती.

त्याचं असं आहे. आपल्या भोवतालच्या हवेत 78 टक्के नायट्रोजन. प्रोटीन बनवायला तोच लागतो. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात, की झाडाला ते थेट वापरताच येत नाहीत. हे कुलूप उघडणारे जिवाणू, म्हणजे रायझोबियम, त्या गाठींमध्ये राहतात. वाल त्यांना साखर देतो, ते वालाला नायट्रोजन देतात. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायची रायगडची जुनी पद्धत म्हणूनच भारी आहे. पाणी फुकट आणि खतही बऱ्यापैकी फुकट!

कुलूप उघडायचा दुसरा मार्ग कारखान्याचा. जर्मनीत फ्रिट्झ हाबरने 1909 मध्ये तो प्रयोगशाळेत करून दाखवला आणि कार्ल बॉशने 1913 मध्ये त्याचा कारखाना उभा केला. आपल्या रायगड जिल्ह्यातच, अलिबागजवळ थळला, आरसीएफ याच तत्त्वावर युरिया बनवते. युरियात 46 टक्के नायट्रोजन. म्हणजे 45 किलोच्या गोणीत साधारण 20 किलो.

यात वाईट काही नाही. जगातल्या कितीतरी लोकांचं पोट त्यावर चालतं. लोचा पुढे आहे. पाणी भरलेल्या भातखाचरात युरिया नुसता फोकला, तर त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के पिकाला मिळतो. थोडा अमोनिया होऊन हवेत उडतो. थोड्याचं जिवाणू नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. एक जोरदार सर आली की माल ओढ्यात!

ओढ्यातून पेज, पेजेतून उल्हास. इथल्या बाकीच्या नद्या उन्हाळ्यात आटतात, पण टाटांच्या भिवपुरी वीजघरातून 1922 पासून पाणी सोडलं जातं, म्हणून ही नदी मे महिन्यातही वाहते. पुढे नेरळ, बदलापूर आणि मग कल्याणजवळचं मोहिली. तिथे कल्याण-डोंबिवलीच्या नळाचं पाणी उचललं जातं. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांची सकाळची कॉफी!

त्याच पट्ट्यात, मोहने परिसरात, उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी पसरते. लांबून बघितलं तर वाटतं, क्रिकेटचं मैदान आहे. मूळची ही अॅमेझॉन खोऱ्यातली, शोभेची म्हणून आपल्याकडे आली. खायला मिळालं की पंधरवड्यात दुप्पट. तिचं खाणं म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. खाली उजेड पोचत नाही, कुजणारी पानं पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतात. दरवर्षी मशीन लावून ती काढायची, पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर.

आता लगेच शेतकऱ्याकडे बोट दाखवू नका. आपलं काय?

एक माणूस वर्षाला साधारण चार किलो नायट्रोजन शरीराबाहेर टाकतो, म्हणजे दिवसाला 11 ग्रॅम. फार्महाऊसवर 40 जणांची गँग दोन दिवस राहिली, तर जवळपास 900 ग्रॅम. दोन किलो युरियाएवढा ऐवज आपण पोपटी खाऊन मागे ठेवून येतो, आणि तो सेप्टिक टँकमध्ये जातो. टँकमध्ये गाळ बसतो, नायट्रोजन मात्र बराचसा पाण्याबरोबर शोषखड्ड्यात आणि तिथून जमिनीत. नदीकाठचा बंगला असेल, तर पुढचा प्रवास किती लांबचा?

‘आमच्याकडे एसटीपी आहे’ हे ब्रोशरमधलं वाक्यही अर्धवट आहे. नुसती हवा सोडली, तर अमोनियाचं नायट्रेट होतं आणि ते नदीतच जातं. पुढे हवा नसलेली एक टाकी हवी. तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि नायट्रोजन पुन्हा हवेत सोडतात. बुकिंग करताना स्विमिंग पूल किती फुटी, हे आपण विचारतो ना? मग हेही विचारा. समोरचा गोंधळेल, पण मजा येईल.

शेतातल्या गळतीवर मात्र कोकणात एक अस्सल देशी फण्डा निघालाय. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातलागवड. त्यातलं सगळ्यात डोकेबाज सूत्र म्हणजे ब्रिकेट. युरिया आणि डीएपीची दाबून केलेली, पावणेतीन ग्रॅमची गोळी. रोपं 25 आणि 15 सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर लावायची आणि चार चुडांच्या मधोमध एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खुपसायची. तिथे चिखलात हवा नसते. त्यामुळे अमोनियाचं नायट्रेट होत नाही, ते मातीला धरून बसतं आणि मुळं हळूहळू खातात. हेक्टरी 170 किलो गोळ्या पुरतात. त्यात नायट्रोजन साठ किलोच्या आत, तर फोकून देताना शिफारस शंभर किलोच्या आसपासची.

मग सगळेच का करत नाहीत? हिशोब करा. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या, प्रत्येक हाताने, वाकून, भर पावसात. लावणीला माणसं मिळत नाहीत आणि घरातली पोरं सकाळच्या लोकलने नोकरीला गेलेली असतात. फोकणं दहा मिनिटांचं काम. मी शेतकरी असते तर काय केलं असतं, खरंच सांगता येत नाही.

बघायचं असेल तर जुलैत जा, लावणीच्या दिवसांत. कर्जत किंवा भिवपुरी रोडला उतरा, फुल पँट घालू नका आणि बांधावरून चालताना आधी विचारा. कोणी हातात गोळ्यांची पाटी दिली, तर नाही म्हणू नका.