नेटहॉग्स

नेटहॉग्स ही लिनक्स संचालन प्रणालीवरील प्रत्येक प्रक्रियेचा नेटवर्क-वापर कमांड लाइनवर दाखवणारी मुक्त आज्ञावली आहे. ती सी++ भाषेत लिहिलेली असून जीपीएल परवान्याखाली उपलब्ध आहे.

लिनक्सचा कर्नल आलेल्या व गेलेल्या बाइटांची मोजणी नेटवर्क इंटरफेसनुसार ठेवतो, प्रक्रियेनुसार नाही. ‘/प्रॉक’मध्ये प्रत्येक प्रक्रियेच्या निर्देशिकेत ‘नेट/डेव्ह’ ही फाइल आढळते. परंतु तिच्यातील आकडे त्या एका प्रक्रियेचे नसून ती ज्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये चालते, त्या संपूर्ण नेमस्पेसचे असतात.

त्यामुळे नेटहॉग्स लिबपीकॅपच्या साहाय्याने पॅकेट टिपते, त्यातील पत्ते व पोर्ट यांवरून ‘/प्रॉक/नेट/टीसीपी’मधील जोडणीचा आयनोड क्रमांक शोधते आणि ज्या प्रक्रियेच्या उघड्या फाइलींच्या यादीत तो क्रमांक सापडेल, तिच्या खाती पॅकेटचा आकार जमा करते. यासाठी सामान्यतः रूट अधिकार लागतात. मूळ रचनेनुसार आकडे दर 1 सेकंदाला बदलतात. ‘एम’ कळ दाबल्यास वेगाऐवजी एकूण वापर दिसतो.

प्रक्रियेचा शोध लागण्यापूर्वीच बंद झालेल्या अल्पजीवी जोडण्यांचा वापर अज्ञात खात्यात जातो. आज्ञावली सुरू होण्यापूर्वीचा वापरही मोजला जात नाही. म्हणून दीर्घ काळाच्या हिशेबासाठी ती सतत चालू ठेवावी लागते.