वाडा नाही, अंगण आहे

लिस्बनच्या मेट्रोत निळ्या मार्गावर 'तेरैरु दु पासु' नावाचं एक स्थानक आहे. शब्दशः अर्थ वाड्याचं अंगण. जिना चढून वर आलं की अंगण समोर असतंच, आणि केवढं! तीन बाजूंनी कमानींच्या पिवळ्या इमारती आणि चौथ्या बाजूला समुद्रासारखी पसरलेली तेजू नदी. वाडा तेवढा कुठे दिसत नाही. सरकारदरबारी या जागेचं नाव 'व्यापार चौक' आहे, पण अडीचशे वर्षं झाली तरी ते लोकांच्या तोंडी रुळलेलं नाही. वाडा गेला, अंगण म्हणायची सवय राहिली.

राजवाडे आणि संग्रहालयं बघायची म्हणून मी या शहरात गेलो होतो. खिशात नेहमीसारखी यादी होती. दोन-तीन दिवसांतच लक्षात आलं की उभ्या वाड्यांपेक्षा नाहीशा झालेल्या वाड्यांनीच हे शहर जास्त घडवलंय. मग यादी बाजूला ठेवली आणि उलट्या टोकाने सुरुवात केली.

या अंगणाच्या पश्चिमेला रिबैरा राजवाडा होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएलने टेकडीवरचा किल्ला सोडला आणि थेट नदीकाठी घर बांधलं. राजे शत्रूला भिऊन उंचावर राहतात, हा गलबतांच्या ओढीने खाली आला. वाड्याला लागूनच 'काझा दा इंडिया', म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी आणि वखार. आपल्या किनाऱ्यावरून भरलेली मिरी इथे उतरायची, मोजली जायची आणि युरोपभर विकली जायची. राजाला झोपेतही मिरीचा वास येत असणार, असं मला वाटून गेलं.

याच अंगणात ३ जून १५१५ रोजी एक झुंज लावली गेली. त्यामागची गोष्ट आपल्याकडचीच आहे. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर याने किल्ल्याला नकार दिला आणि भेट म्हणून एक गेंडा पाठवला. नकार द्यावा तर असा. गोव्यात गेंडा पोसून करायचं काय, म्हणून आल्बुकर्कने तो राजाकडे रवाना केला. २० मे १५१५ ला तो लिस्बनच्या धक्क्यावर उतरला. रोमन साम्राज्यानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. पोर्तुगीज कागदांत त्याला 'गंडा' म्हटलंय. आपला शब्दही त्याच्याबरोबर गलबतातून गेला. गेंडा आणि हत्ती हाडवैरी असतात असं जुन्या रोमन ग्रंथात लिहिलेलं होतं, ते खरं का खोटं हे राजाला पाहायचं होतं. राजाच्या पदरचा एक तरुण हत्ती समोर आणला. तो गेंड्याला बघूनच पळाला. पुढे हा गेंडा पोपला भेट म्हणून रोमला निघाला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. चित्रकार ड्यूररने त्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं, पण ऐकीव वर्णनावरून आणि कुणा दुसऱ्याच्या रेखाटनावरून. त्याने स्वतः तो कधीच पाहिला नाही. बेलेंच्या बुरुजावर एका कोपऱ्याच्या मनोऱ्याखाली गेंड्याचं दगडी डोकं आहे. खाऱ्या वाऱ्याने इतकं झिजलंय की कुणी दाखवून दिल्याशिवाय ओळखू येत नाही.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, त्यामुळे चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. सकाळी साडेनऊच्या पुढे जमीन हलू लागली आणि काही मिनिटं हलत राहिली. लोक पडझडीतून वाचायला मोकळ्या नदीकाठाकडे धावले, तर थोड्या वेळाने नदीच उलटून अंगावर आली. मागे राहिलेलं आगीने घेतलं, ती पुढे अनेक दिवस धुमसत होती. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. ३० ते ५० हजारांच्या दरम्यान धरतात. रिबैरा वाडा गेला. टिशियन, रूबेन्स यांची चित्रं गेली, सुमारे ७० हजार ग्रंथांचं राजग्रंथालय गेलं, त्याच वर्षी उघडलेलं भव्य ऑपेरागृह गेलं. काझा दा इंडियाची दफ्तरंही गेली. मला या सगळ्यात कागदांची हळहळ सर्वांत जास्त वाटते. किल्ल्यावरच्या ज्या 'तोंबु'च्या बुरुजात राज्याचं अभिलेखागार होतं तोही पडला, पण ढिगाऱ्यातून कागद बाहेर काढता आले. लिस्बन आणि गोव्यातला पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांतून चालायचा, म्हणून त्याच्या बाडांना 'मोसमाची पुस्तकं' म्हणतात. त्यांतली काही आज लिस्बनला आहेत, बाकीची पणजीच्या पुराभिलेखागारात. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला तो पणजीच्या अशाच दफ्तरांत आयुष्य घालवून.

राजा जुझे वाचला तो योगायोगाने. पहाटेची प्रार्थना आटोपून राजकुटुंब शहराबाहेर बेलेंला गेलं होतं, मुलींचा तसा हट्ट होता म्हणतात. पण त्या दिवसानंतर राजाने दगडी छताखाली राहण्याचं नाव काढलं नाही. अजुडाच्या टेकडीवर लाकूड आणि कापड वापरून त्याच्यासाठी राहुट्यांचा एक पसारा उभारला गेला. त्याचं नावच पडलं 'राजेशाही झोपडी'. या झोपडीत पोर्तुगालचा दरबार भरायचा, आणि राजा १७७७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. भूकंपात जेवणाची चांदी गेली म्हणून त्याने पॅरिसच्या फ्रांस्वा-तोमा जेर्मां या नामांकित कारागिराला नवी घडवायला सांगितली. आज ती संग्रहालयांच्या काचेमागे झगमगते. मला मात्र तिच्याकडे बघताना लाकडी भिंती, वर ताणलेलं कापड आणि मध्ये पॅरिसचं सूपपात्र असंच दिसत राहिलं.

१७९४ मध्ये ही झोपडीही जळाली. भूकंपाला भिऊन लाकडाचा आसरा घेतला होता, तो आगीने नेला. मग त्याच टेकडीवर दगडी अजुडा राजवाड्याचं काम सुरू झालं. ते चालू असतानाच १८०७ मध्ये नेपोलियनचं सैन्य आलं, आणि अख्खा दरबार जहाजांत बसून ब्राझीलला निघून गेला. मूळ आराखडा कधीच पुरा झाला नाही. पुढे राजा लुईश आणि त्याची इटालियन राणी मारिया पिया इथे राहिले, म्हणून आतल्या दालनांवर एकोणिसाव्या शतकाची छाप आहे: पडदे, झुंबरं, चिनीमाती, एकही कोपरा मोकळा न सोडण्याचा अट्टहास. दोन दालनांनंतर मला दम लागला. पण पश्चिमेची अर्धवट बाजू बघण्यासारखी आहे. सव्वादोनशे वर्षं उघडीच राहिलेली ही बाजू परवापरवा बंद केली आणि जून २०२२ मध्ये तिथे राजखजिन्याचं संग्रहालय उघडलं. आत प्रचंड तिजोरीच बांधली आहे, आणि तिला कारण आहे. २००२ मध्ये हेगच्या प्रदर्शनाला पाठवलेले काही राजदागिने तिथून चोरीला गेले होते. तिजोरीत ब्राझीलमध्ये सापडलेला सोन्याचा एक ओबडधोबड गोळा आहे, वीस किलोंच्या आसपास. घडवलेल्या मुकुटांपेक्षा हा गोळाच अठराव्या शतकातला पोर्तुगाल जास्त सांगतो.

त्या सोन्याने काय केलं ते बेलेंच्या राजरथांच्या संग्रहालयात दिसतं. १९०५ मध्ये राणी आमेलियाने जुन्या गाड्या घोडेस्वारीच्या शाळेत मांडल्या, आणि २०१५ मध्ये पाउलु मेंदिश दा रोशा या ब्राझीलच्या वास्तुविशारदाने बांधलेल्या काँक्रीटच्या नव्या इमारतीत त्या आल्या. पाचव्या जुआंवने पोपकडे वकील पाठवला, त्याच्या १७१६ च्या मिरवणुकीतल्या तीन गाड्या इथे आहेत. गाडी कसली, चाकांवरचं देऊळ! एकीच्या पाठीमागे दोन दाढीवाले म्हातारे हातात हात घालून बसले आहेत. एक अटलांटिक महासागर, दुसरा हिंदी महासागर. आफ्रिकेला वळसा घालून आम्ही या दोघांची गाठ घालून दिली, हे रोमला सांगायचं होतं. पण तोवर ही फुशारकी दोनशे वर्षं शिळी झाली होती. हिंदुस्थानचा व्यापार कधीच डच-इंग्रजांकडे सरकला होता, गाडीवरचा मुलामा ब्राझीलच्या जिवावर होता. याच राजाच्या हयातीत, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. हिंदी महासागराचा हात हातातून सुटत चालला होता आणि गाडीवर मात्र तो घट्ट धरलेला.

याच संग्रहात एक साधी काळी उघडी गाडी आहे. १ फेब्रुवारी १९०८ ला राजा कार्लुश आणि युवराज त्या गाडीतून चालले असताना गोळ्या झाडून त्यांची हत्या झाली. गाडीच्या लाकडात त्या खुणा अजून आहेत. जागा? तेच वाड्याचं अंगण. अडीच वर्षांनी राजेशाहीच संपली.

राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयाबद्दल लिहायचं तर स्वतंत्र लेख हवा. वास्को द गामाने पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाकडून खंडणी म्हणून आणलेल्या सोन्यातून १५०६ मध्ये घडवलेलं बेलेंचं प्रभाभांड, म्हणजे चर्चमध्ये प्रसादाची भाकर मांडायचं पात्र, तिथे आहे. सगळे पर्यटक त्याच्याभोवती. मी रेंगाळलो हिंदुस्थानात पोर्तुगिजांसाठी केलेल्या खणांच्या कपाटांपाशी. सागवान आणि शिसवावर हस्तिदंताची जडणघडण आणि चार पायांच्या जागी चार नागिणी. गिऱ्हाइकाने कपाट मागितलं, मेस्त्रीने त्याला आपल्याकडच्या मूर्तींचे पाय लावले. 'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगिजांचा, हात आपले. शेजारच्या काचेत हस्तिदंती बाळ येशू मेंढपाळाच्या वेषात, गालाला हात लावून डोळे मिटून बसलेला. पाश्चात्त्य अभ्यासकांनाही तो ध्यानस्थ बुद्धासारखा वाटत आला आहे. (सोमवारी ही बहुतेक संग्रहालयं बंद असतात. माझा एक सोमवार असाच बंद दारांवरच्या पाट्या वाचण्यात गेला.)

हरवलेला रिबैरा वाडा अखेर मला भेटला तो फरशांवर. 'अझुलेझू' म्हणजे रंगवलेल्या चिनीमातीच्या फरशा. त्यांचं संग्रहालय १५०९ मध्ये स्थापन झालेल्या एका मठात आहे. तिथे एका भिंतीवर साधारण २३ मीटर लांब निळं-पांढरं लिस्बन पसरलं आहे, १७०० च्या सुमाराचं, म्हणजे भूकंपाच्या अर्धशतक आधीचं. नदीकाठच्या एकेका चर्चचा मनोरा, एकेक मठ, वाळत घातलेले कपडे, होड्या. आणि मधोमध वाडा, त्याच्यापुढे अंगण. शहरात जे नाही ते इथे खिडक्या मोजता येतील इतकं स्वच्छ आहे. ज्याने ही चित्रं काढली त्याला काय माहीत आपण पुरावा रंगवतोय!

भूकंपानंतर शहर उभं केलं ते पंतप्रधान पोंबालने. सरळ रस्ते, एकसारख्या इमारती, भिंतींच्या आत लाकडी पिंजरा, जो हलेल पण मोडणार नाही. पिंजरा तपासायला भोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं असं सांगतात. भूकंप किती वेळ चालला, समुद्र आधी मागे गेला की पुढे आला, भिंतींना तडे कसे गेले, अशा प्रश्नांची यादी त्याने गावोगावच्या पाद्र्यांना पाठवली. आजचे भूकंपशास्त्रज्ञ ती उत्तरं अजून वापरतात. पण हाच माणूस वाडे पाडायलाही मागेपुढे पाहत नव्हता.

बेलेंला ज्या दुकानासमोर क्रीमच्या टार्टसाठी रांग लागते, त्याच्या जवळच एका बोळात पाच कडी कोरलेला दगडी खांब उभा आहे. इथे आवैरूच्या सरदाराचा वाडा होता. १७५८ च्या सप्टेंबरात रात्री राजा जुझेवर गोळीबार झाला. आळ आला त्या सरदारावर आणि ताव्होरा घराण्यावर. १३ जानेवारी १७५९ ला बेलेंला त्यांना हालहाल करून मारलं. मग सरदाराचा वाडा जमीनदोस्त केला आणि त्या जमिनीत मीठ पेरलं, पुन्हा तिथे काही उगवू नये म्हणून. बोळाचं नाव आजही 'खारवलेली जमीन'.

मारल्या गेलेल्यांत ताव्होराचा मार्केस फ्रांसिश्कु होता. १७५० ते १७५४ तो गोव्याचा व्हिसेरेई, म्हणजे व्हाइसरॉय, होता. त्याच्या आधी त्या गादीवर होता पेद्रु मिगेल द आल्मैदा. दोघे व्याही. आल्मैदाचा मुलगा ताव्होराचा जावई. या आल्मैदाने १७४६ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला घेतला, आणि त्या पराक्रमासाठी राजाने त्याला 'आलोर्नाचा मार्केस' केलं. व्याह्यावर आळ आला तेव्हा आल्मैदा हयात नव्हता, पण त्याचा मुलगा १८ वर्षं तुरुंगात राहिला आणि आठ वर्षांची नात आईसह मठात कोंडली गेली. १७७७ मध्ये पोंबालची सत्ता गेल्यावरच ती सुटली. पुढे ती पोर्तुगालची नामांकित कवयित्री झाली. तिच्या लेकीकडून आलोर्ना हे पद फ्रोंतैरा घराण्यात आलं.

म्हणून शेवटचा दिवस मी फ्रोंतैरा वाड्यासाठी ठेवला होता. शहराच्या कडेला, सतराव्या शतकातलं शिकारघर, भूकंपाने न पडलेलं. शहरातलं घर गेल्यावर घराणं इथेच राहायला आलं. बागेत निळ्या फरशांवर घोडेस्वार, तळ्यावरच्या सज्जात पोर्तुगालच्या राजांचे अर्धपुतळे, दिवाणखान्यात स्पेनशी झालेल्या लढाया. एका लढाईत तर घराण्याचा मूळपुरुष स्वतःच दिसतो. वाडा आता फ्रोंतैरा आणि आलोर्ना या दोन्ही नावांच्या न्यासाकडे आहे.

वाडा दाखवणाऱ्या बाईंना मी विचारलं, यातलं आलोर्ना कुठे आहे? 'भारतात कुठेतरी किल्ला होता,' त्या म्हणाल्या. मी सांगितलं, पेडणे तालुक्यात, गोव्यात. अजून आहे. आणि गावाचं नाव आम्ही असं घेतो: हळर्ण.

त्यांनी दोनदा प्रयत्न केला. 'ळ' जमेना. हसल्या आणि पुन्हा 'आलोर्ना' म्हणून पुढच्या दालनाचं दार उघडलं.