महापौरांच्या हाती कारभार

आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहराची महानगरपालिका 8 डिसेंबर 1982 रोजी स्थापन झाली आणि 1949 च्या ज्या कायद्याने तिचा कारभार चालतो, त्याने निर्णयाचा व अंमलबजावणीचा अधिकार वेगवेगळ्या हातांत दिला आहे. नगरसेवकांची सर्वसाधारण सभा धोरण ठरवते, सोळा सदस्यांची स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते. यंत्रणा मात्र राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांच्या ताब्यात असते आणि अडीच वर्षांसाठी निवडलेले महापौर मुख्यतः सभेचे अध्यक्षस्थान सांभाळतात.

फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या कचरा डेपोवर गाड्या येऊ देण्यास परिसरातील गावकऱ्यांनी नकार दिला आणि शहरभर ढीग साचले, तेव्हा या रचनेतील दोष उघडा पडला. सरकारने आयुक्तांची बदली केली. परंतु मतदारांनी निवडलेल्यांकडे यंत्रणा नव्हती आणि यंत्रणा ज्यांच्याकडे होती त्यांना मतदार जाब विचारू शकत नव्हते.

कोलकात्याने 1980 च्या कायद्याने, ज्याचा अंमल 1984 पासून सुरू झाला, ही फारकत मिटवली. तेथील महापौर स्वतःच्या नगरसेवकांमधून उपमहापौर व जास्तीत जास्त दहा सदस्य निवडून मंत्रिमंडळासारखी महापौर परिषद बनवतात. पाणी, रस्ते, आरोग्य अशी खाती सदस्यांकडे जातात आणि आयुक्त या परिषदेच्या नियंत्रणाखाली काम करतात. नगरसेवकांच्या हाती ठेके गेले तर आळा कोण घालणार, ही शंका रास्तच आहे. तिच्यासाठी त्या कायद्यात नगरसेवकांची वेगळी हिशेब समिती ठेवलेली आहे.

महाराष्ट्राने हीच पद्धत 1998 मध्ये मुंबई व नागपूर येथे आणली आणि 1999 मध्ये गुंडाळली. एवढ्या अल्पावधीत कोणत्याही राज्यपद्धतीची कसोटी लागत नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. शेजारच्या मध्य प्रदेशात मात्र महापौर परिषद रुजली आणि स्वच्छतेसाठी ज्याचा दाखला महाराष्ट्रातील शहरे वारंवार देतात त्या इंदूरमध्येही ती आहे. इंदूरची कचरागाडी पाहून येणाऱ्यांनी तेथील सत्तेची वाटणीही तितक्याच बारकाईने पाहायला हवी.

संभाजीनगरच्या सभागृहाची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि त्यानंतर अनेक वर्षे सभा, स्थायी समिती व आयुक्त या तिघांचेही अधिकार एका प्रशासकाकडे राहिले. महापौर परिषद आणायची तर महानगरपालिकेचा ठराव पुरेसा नाही, कारण 1949 चा कायदा बदलण्याचा अधिकार मुंबईत बसणाऱ्या विधिमंडळाचा आहे.