थकबाकीसह वेतनवाढ: तीन तारखांचा हिशेब

प्रस्तावना

सरकारी कार्यालयात किंवा अनुदानित शाळेत काम करणाऱ्याच्या घरी 'फरक कधी मिळणार?' हा प्रश्न वर्षानुवर्षे ऐकू येतो. फरक म्हणजे जुन्या आणि नव्या पगारातील तफावत. कागदावर तिला वेतनाची थकबाकी म्हणतात. वेतनवाढ जाहीर होते आज, ती लागू धरली जाते काही महिने किंवा काही वर्षे आधीच्या तारखेपासून, आणि मधल्या काळाचा फरक नंतर हाती येतो. यालाच पूर्वलक्षी प्रभावाने दिलेली वेतनवाढ म्हणतात.

या घटकात आपण पुढील गोष्टी पाहू: थकबाकी कशी तयार होते, तिचा हिशेब कसा करतात, तिच्यातून काय वगळले जाते, तिच्यावर कर कसा लागतो आणि कायदा तिच्याकडे कसा पाहतो. शाळेतील शिपाई, कनिष्ठ लिपिक, प्रयोगशाळा परिचर अशा शिक्षकेतर कर्मचाऱ्यांकडे विशेष लक्ष देऊ, कारण विलंबाचा भार त्यांच्यावर अधिक पडतो.

1. एका वेतनवाढीच्या तीन तारखा

कोणत्याही वेतनवाढीचा शासन निर्णय वाचताना तीन तारखा वेगळ्या काढाव्यात.

- लागू होण्याची तारीख: या दिवसापासून नवे वेतन देय ठरते.
- निर्णयाची तारीख: या दिवशी शासन आदेश काढते.
- प्रत्यक्ष लाभाची तारीख: या दिवशी पैसे हातात किंवा खात्यात येतात.

पहिल्या दोन तारखांमधील अंतरामुळे थकबाकी तयार होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेतील अंतरामुळे ती रेंगाळते.

केंद्र सरकारची दोन उदाहरणे पाहू. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील सहाव्या वेतन आयोगाने मार्च 2008 मध्ये अहवाल दिला. नियम 29 ऑगस्ट 2008 रोजी अधिसूचित झाले, पण लागू झाले 1 जानेवारी 2006 पासून. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळाचा फरक साचला. तो एकदम न देता 40 टक्के 2008-09 मध्ये आणि 60 टक्के 2009-10 मध्ये देण्यात आला.

न्यायमूर्ती अशोक कुमार माथुर यांच्या सातव्या आयोगाने 19 नोव्हेंबर 2015 रोजी अहवाल दिला. नियम 25 जुलै 2016 रोजी निघाले आणि 1 जानेवारी 2016 पासून लागू झाले. येथे अंतर सुमारे सात महिन्यांचेच होते, त्यामुळे मूळ वेतनाची थकबाकी एकरकमी देता आली.

2. हिशेबाचे एक साधे उदाहरण

सहाव्या आयोगाच्या सर्वांत खालच्या श्रेणीतील केंद्रीय कर्मचाऱ्याचे सुरुवातीचे मूळ वेतन (ग्रेड वेतनासह) 7,000 रुपये होते. 1 जानेवारी 2016 रोजी महागाई भत्त्याचा दर 125 टक्के होता.

- जुने वेतन: 7,000 + 8,750 = 15,750 रुपये
- नवे किमान मूळ वेतन: 18,000 रुपये (महागाई भत्ता शून्यापासून सुरू)
- दरमहा फरक: 18,000 − 15,750 = 2,250 रुपये
- जानेवारी ते जून 2016, सहा महिने: 2,250 × 6 = 13,500 रुपये

जुलैचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण त्या महिन्यात वार्षिक वेतनवाढ असते आणि महागाई भत्त्याचा दरही बदलतो.

या उदाहरणातून दोन गोष्टी दिसतात. जुन्या वेतनाला 2.57 ने गुणण्याचे सूत्र ऐकले की पगार अडीच पट झाला असे वाटते. प्रत्यक्षात त्यातील 2.25 पट महागाई भत्त्यासह आधीच मिळत होते. या कर्मचाऱ्याची खरी वाढ 14 टक्क्यांच्या आसपास आहे. दुसरे म्हणजे, 13,500 रुपये पूर्ण हातात येत नाहीत. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचाऱ्याच्या थकबाकीतूनही अंशदान कापले जाते.

3. काय मागील तारखेपासून मिळते आणि काय मिळत नाही

'आयोग 1 जानेवारीपासून लागू' या वाक्याचा अर्थ 'सर्व काही 1 जानेवारीपासून' असा नसतो. सातव्या आयोगात मूळ वेतन 1 जानेवारी 2016 पासून सुधारले, पण घरभाडे आणि इतर बहुतेक भत्ते 1 जुलै 2017 पासून. मधल्या दीड वर्षाच्या वाढीव भत्त्यांची थकबाकी मिळाली नाही. सहाव्या आयोगातही भत्ते 1 सप्टेंबर 2008 पासून पुढेच लागू झाले.

महागाई भत्ता हे थकबाकीचे सर्वांत नेहमीचे रूप आहे. तो 1 जानेवारी आणि 1 जुलैपासून देय असतो, पण घोषणा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी होते. उदाहरणार्थ, 7 मार्च 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 46 वरून 50 टक्क्यांची वाढ 1 जानेवारी 2024 पासून मंजूर केली.

याच्या उलट उदाहरण कोविड काळातील आहे. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. 1 जुलै 2021 पासून दर 17 वरून 28 टक्के झाला, पण आधीच्या 18 महिन्यांचा फरक दिला गेला नाही. दर पुन्हा जागेवर आला, त्या काळाचे पैसे मात्र आले नाहीत.

आणखी एक संज्ञा लक्षात ठेवावी: काल्पनिक वेतननिश्चिती. यात कर्मचाऱ्याचे वेतन मागील तारखेपासून वाढले असे सेवापुस्तकात नोंदवतात, पण रोख लाभ आदेशाच्या किंवा ठरवलेल्या पुढच्या तारखेपासून देतात. यामुळे पुढील वेतन आणि निवृत्तिवेतन सुधारते, थकबाकी मात्र मिळत नाही. म्हणून आदेशातील 'काल्पनिकरीत्या' हा एक शब्द बऱ्याच रुपयांचा असतो.

4. राज्यांमध्ये अंतर का वाढते?

केंद्राचा निर्णय राज्यांवर आपोआप बंधनकारक नसतो. राज्ये स्वतःची समिती नेमतात आणि तिजोरी पाहून निर्णय घेतात. महाराष्ट्रात के. पी. बक्षी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनंतर मंत्रिमंडळाने डिसेंबर 2018 मध्ये सातवा आयोग मंजूर केला. तो 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला, पण सुधारित वेतन जानेवारी 2019 पासून मिळू लागले. मधल्या 36 महिन्यांची थकबाकी 2019-20 पासून पाच वार्षिक हप्त्यांत देण्याचे ठरले. भविष्य निर्वाह निधीचे सभासद असलेल्यांचे हप्ते त्या निधीत जमा होणार होते. 2020 च्या जुलैमध्ये येणारा दुसरा हप्ता कोविडमुळे एक वर्ष पुढे ढकलण्यात आला.

येथे अर्थशास्त्राचा साधा नियम लागू होतो: आजचा रुपया आणि पाच वर्षांनंतरचा रुपया सारखे नसतात. देय तारखेपासून जमा होईपर्यंत थकबाकीवर सहसा व्याज मिळत नाही. त्यामुळे कर्मचारी त्या काळापुरता शासनाला बिनव्याजी कर्ज देत असतो. शासनाची बाजूही खरी आहे. तीन वर्षांचा फरक एका अर्थसंकल्पात बसवायचा तर रस्ते, पाणी, शाळा यांवरील खर्च कमी करावा लागतो. हप्ते ही या दोन्ही बाजूंची तडजोड असते. पण ज्याचा पगार सर्वांत कमी, त्याच्याकडे वाट पाहण्याची ताकदही सर्वांत कमी. अधिकाऱ्याची थकबाकी ही बचत ठरते. शिपायाच्या घरी ती बहुधा आधीच घेतलेल्या उसनवारीची फेड असते.

ही अडचण भारतापुरती नाही. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये स्थानिक परिषदांचे आणि बहुसंख्य शाळांतील सहायक कर्मचाऱ्यांचे वेतन मालक आणि संघटना यांच्या राष्ट्रीय परिषदेत ठरते. वेतनवर्ष 1 एप्रिलला सुरू होते. 2024-25 ची वाढ 22 ऑक्टोबर 2024 रोजी ठरली आणि 1 एप्रिलपासून लागू झाली. तिचे वैशिष्ट्य असे की बहुतेक श्रेणींना टक्केवारीऐवजी वर्षाला 1,290 पौंड अशी सरसकट रक्कम मिळाली. सरसकट रकमेत खालच्या श्रेणीची टक्केवारीतील वाढ आपोआप जास्त होते.

5. शाळेतील शिक्षकेतर कर्मचारी

महाराष्ट्रातील खासगी शाळांचे कर्मचारी 1977 चा सेवाशर्ती कायदा आणि 1981 ची नियमावली यांखाली येतात. अनुदानित शाळेत वेतन शासनाच्या अनुदानातून येते. थकबाकीचे देयक मुख्याध्यापकांकडून वेतन पथकाकडे जाते. सेवापुस्तकातील नोंद अपुरी असेल किंवा वेतननिश्चितीची पडताळणी राहिली असेल, तर निधी येऊनही देयक अडते.

विनाअनुदानित शाळेत पैसे फीमधून उभे करावे लागतात. दिल्लीचे उदाहरण बोलके आहे. तेथील 1973 च्या शालेय शिक्षण कायद्याच्या कलम 10 नुसार मान्यताप्राप्त खासगी शाळेतील कर्मचाऱ्यांचे वेतन सरकारी शाळेतील समकक्ष कर्मचाऱ्यांपेक्षा कमी असता कामा नये. सहाव्या आयोगानंतर फेब्रुवारी 2009 मध्ये दिल्ली शिक्षण संचालनालयाने शाळांना फी वाढवण्याची आणि थकबाकीसाठी वेगळी वसुली करण्याची मुभा दिली. पालक न्यायालयात गेले. 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांचे हिशेब तपासण्यासाठी न्यायमूर्ती अनिल देव सिंग समिती नेमली. कर्मचाऱ्याच्या थकबाकीचा भार शेवटी कोणावर पडतो, हा प्रश्न त्यातून उघड झाला.

तिसरा गट वेतनश्रेणीच्या बाहेरचा आहे. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातील अनुदानित शाळांत चतुर्थश्रेणीच्या पदांऐवजी शिपाई भत्ता देण्याची पद्धत आणली. अशा भत्त्यावर, मानधनावर किंवा ठेकेदारामार्फत काम करणाऱ्याला वेतन आयोगाची थकबाकी लागू होत नाही, कारण सुधारण्यासाठी त्याला वेतनश्रेणीच नसते.

6. थकबाकी आणि आयकर

पगारावर कर देय होण्याच्या किंवा मिळण्याच्या तारखेला, जी आधी असेल त्यानुसार, लागतो. पण मागील वर्षी न आकारलेली थकबाकी मिळेल त्या वर्षाच्या उत्पन्नात धरतात. तीन वर्षांचा फरक एका वर्षात आला तर कर्मचारी वरच्या टप्प्यात जाऊ शकतो. यावर 1961 च्या आयकर कायद्यात कलम 89 ची सवलत होती. थकबाकी ज्या त्या वर्षी मिळाली असती तर किती कर लागला असता हे काढून, आताच्या जादा कराशी तुलना करून, अधिकचा भाग वजा मिळे. त्यासाठी विवरणपत्रापूर्वी नमुना 10-ई ऑनलाइन भरणे आवश्यक असे. नमुना राहिला आणि सवलत गेली, ही अनेकांची तक्रार असे.

7. न्यायालयांची भूमिका

*उशिरा मागणी केली तर?* भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग (2008) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चुकीची वेतन किंवा निवृत्तिवेतन निश्चिती हा दर महिन्याला चालू राहणारा अन्याय असतो, म्हणून उशिरा आलेली मागणीही ऐकता येते. मात्र थकबाकी साधारणपणे याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

*दिलेला लाभ मागे घेता येतो का?* रेल्वे मंडळ विरुद्ध सी. आर. रंगधामय्या (1997) या प्रकरणात घटनापीठाने सांगितले की कर्मचाऱ्याला आधीच प्राप्त झालेला हक्क मागील तारखेच्या दुरुस्तीने काढून घेता येत नाही. म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने देता येते, तसे हिरावता येत नाही.

*चुकून जादा दिले तर?* पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह (2014) नुसार तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही. पण 2016 च्या जगदेव सिंग निकालात, जादा रक्कम परत करण्याचे वचनपत्र लिहून दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरली. वेतननिश्चितीच्या वेळी घाईत सही होणारे वचनपत्र म्हणूनच वाचून सही करावे.

सारांश

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर 2025 मध्ये मंजूर झाली. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई अध्यक्ष असून अहवालासाठी 18 महिन्यांची मुदत आहे. नेहमीच्या क्रमानुसार शिफारशींचा परिणाम 1 जानेवारी 2026 पासून अपेक्षित असल्याचे केंद्राने त्या वेळी म्हटले. म्हणजे अहवाल येण्याआधीच थकबाकीचे घड्याळ सुरू झाले, असे मानता येते. नवा आदेश येईल तेव्हा किती टक्के वाढ मिळाली यासोबत पुढील प्रश्नही विचारावेत: कोणता घटक कोणत्या तारखेपासून, रोख की काल्पनिक, एकरकमी की हप्त्यांनी, आणि वेतनश्रेणीबाहेरच्यांचे काय?

स्वाध्याय

1. लागू होण्याची तारीख आणि प्रत्यक्ष लाभाची तारीख यांतील फरक महाराष्ट्राच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
2. जुने मूळ वेतन 10,000 रुपये, महागाई भत्ता 125 टक्के आणि नवे मूळ वेतन 25,700 रुपये असल्यास सहा महिन्यांची थकबाकी काढा.
3. महागाई भत्ता गोठवणे आणि काल्पनिक वेतननिश्चिती यांत साम्य काय, भेद काय?
4. टक्केवारीतील वाढ आणि सरसकट रकमेची वाढ यांपैकी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी कोणती अधिक न्याय्य वाटते? कारणे द्या.
5. आपल्या राज्यात सातवा वेतन आयोग केव्हा मंजूर झाला आणि थकबाकी कशी दिली गेली, याची माहिती घेऊन टिपण लिहा.