जुन्या घराची नवी मांडणी

जुन्या घराविषयीं हल्लीं दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, घर पाडावें व त्या जागीं नवें बांधावें; दुसरें असें कीं, वडिलांनीं ठेवलें तसेंच तें राहूं द्यावें, खुंटीहि हलवूं नये. पहिल्या मताच्या लोकांना गळक्या छपराचा व अंधाऱ्या माजघराचा कंटाळा आलेला असतो. दुसऱ्या मताचे लोक बहुधा त्या घरांत राहत नसतात. सुटींत चार दिवस पाहुण्यासारखे येतात. आमच्या मतें या दोहोंच्या मधून एक वाट जाते. नको तें काढून टाकावें, झांकलेलें चांगलें उघडें करावें, आणि ज्याची खरी उणीव आहे तेवढेंच नवें घालावें. घरसजावटीच्या नव्या पुस्तकांतून साध्या, मोकळ्या, तरीहि उबदार घराची मोठी वाखाणणी चाललेली दिसते : उघडें लाकूड, मातीचे रंग, सुती कापड, मंद उजेड व थोडकें सामान. यांतील बहुतेक गोष्टी आपल्या पणजोबांच्या ओसरीवर होत्या. त्या कोठें गेल्या व परत कशा आणाव्या, याचा येथें विचार करूं.

कोंकणांतील जांभ्याच्या घराची रीत निराळी आहे. आम्ही देशावरील घराविषयींच लिहीत आहों. पुणें, सातारा, नाशिक या बाजूच्या जुन्या घराला दगडाचें जोतें असतें. त्यावर मातीच्या किंवा विटांच्या हातभर जाड भिंती, भिंतींत सागवानी खांब, खांबांवर तुळया, आणि वर माळवद किंवा कौलें. मंगळुरी कौलांचा तर आपल्या मिशनरी शाळांच्या वाचकांनीं थोडा अभिमान बाळगावा. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि तेथील चपटीं, एकमेकांत अडकणारीं कौलें हळूहळू सर्व पश्चिम किनाऱ्यावर व पुढें घाट चढून देशावर आलीं.

आंत पाहिलें तर ओसरी, माजघर, स्वयंपाकघर व चौक. भिंतींत कोनाडे, दिवळ्या, फडताळें व खुंट्या. सामान ठेवण्याची सोय भिंतीच्या पोटांतच केलेली असल्यामुळें खोलीची जमीन मोकळी राही. जेवणाच्या वेळीं पाट मांडावेत, रात्रीं अंथरुणें घालावींत, सकाळीं सर्व उचलून ठेवावें. एकच माजघर दिवसांतून चार कामांना येई. हें सर्व वैराग्यामुळें होत असे, असें मात्र कोणीं समजूं नये. सामान महाग होतें आणि घर माणसांनीं भरलेलें होतें, हेंच खरें कारण.

पुढें पन्नास-साठ वर्षांत या घरांवर थरावर थर चढले. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट आलें, सागवानावर चकचकीत तेलरंग आला, तुळयांखालीं प्लास्टर ऑफ पॅरिसचें खोटें छत टांगलें गेलें, कोनाड्यासमोर लोखंडी कपाट उभें राहिलें, आणि त्या कपाटावर रिकामीं खोकीं चढलीं. प्रत्येक थर त्या वेळीं सुधारणा म्हणूनच आला होता; ज्यांनीं तो घातला त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु आज घर कोंदट व अंधारें वाटतें तें पुष्कळ अंशीं या थरांमुळें, जुन्या रचनेमुळें नव्हे.

यांपैकीं सर्वांत घातक थर सिमेंटच्या गिलाव्याचा. जुन्या भिंतीच्या पायांत ओल रोखणारा थर नसतो. त्यामुळें जमिनींतील ओल थोडीफार भिंतींत चढतेच. माती व चुना सच्छिद्र असल्यामुळें ती ओल भिंतीच्या पृष्ठभागावरून वाऱ्यानें सुकून जाते. भिंत श्वास घेते असें जुने गवंडी म्हणत, त्याचा अर्थ हाच. सिमेंटचा गिलावा घट्ट असतो. तो लावला कीं ओलीला बाहेर पडण्याची वाट उरत नाहीं. मग ती आणखी वर चढते, बरोबर क्षार घेऊन जाते, आणि जेथें संधि सापडेल तेथें पांढरा लोणा होऊन फुटते. गिलावा फुगतो, त्याचे पापुद्रे पडतात. घरधनी म्हणतो, घर जुनें झालें. आणि त्यावर सिमेंटचाच दुसरा हात देतो! इतक्यावर भागलें असतें तरी बरें. परंतु भिंतींत रोंवलेलीं तुळयांचीं टोंकें व खांबांचे बुंधे त्या कोंडलेल्या ओलींत वर्षानुवर्षें राहतात, कुजतात, आणि वाळवीला आमंत्रण मिळतें. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसत असतांच आंतून छपराचा आधार जातो. म्हणून घराच्या मांडणीचा विचार रंगापासून नव्हे, ओलीपासून सुरू केला पाहिजे.

प्रथम पाणी कोठून येतें तें पाहावें. शहरांत रस्त्यावर दरसाल थर पडून रस्ता जोत्याच्या वर गेलेला असतो. पावळीचें पाणी भिंतीच्या पायाशीं मुरतें. न्हाणीघराचा नळ आंतल्या आंत ठिबकत असतो. याचा बंदोबस्त झाल्याशिवाय भिंतीला हात लावणें व्यर्थ होय. त्यानंतर सिमेंटचा गिलावा छिन्नीनें हळूहळू काढावा. मोठ्या घणानें ठोकल्यास मातीची भिंत खिळखिळी होते. तुळईचें टोंक कुजलेलें आढळल्यास जाणत्या सुताराला व शक्य तर इंजिनीअरला दाखवून, टेकू दिल्यावरच पुढें जावें. मग एक उन्हाळाभर भिंत उघडी ठेवून सुकूं द्यावी, आणि नंतर चुन्याचा गिलावा करावा.

चुना हा विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठा मौजेचा विषय आहे. चुनखडी सुमारें ९०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत भाजली म्हणजे तिच्यांतील कर्बाम्ल वायु (हल्लींच्या पुस्तकांतील कार्बन डायऑक्साइड) निघून जातो व कळीचा चुना राहतो. त्यावर पाणी घातलें कीं तो खदखदतो, फुलतो व विरतो. हा विरलेला चुना वाळू घालून भिंतीवर लावला म्हणजे हवेंतील तोच वायु हळूहळू परत घेतो, आणि पुनः चुनखडी बनतो. म्हणजे गवंडी भिंतीवर दगडच पसरीत असतो, फक्त तो मऊ असतांना! हें काम सावकाश होतें. म्हणून चुन्याचा गिलावा पातळ थरांनीं करावा व कडक उन्हांत एकदम सुकूं देऊं नये. पूर्वीं बैलाच्या घाणींत चुना व वाळू मळीत. त्यांत गुळाचें पाणी, बेलफळाचा गर, हिरडा वगैरे घालण्याची चाल होती. आतां बैलघाणीची जागा बहुधा यंत्रानें घेतली आहे. एक सूचना मात्र ध्यानांत ठेवावी : कळीचा चुना पाण्यांत पडतांना उकळतो व डोळ्यांत उडाल्यास दृष्टि जाऊं शकते. मुलांनीं तें दुरूनच पाहावें.

चुन्याचा गवंडी आज मिळत नाहीं, ही तक्रार आम्हीं पुष्कळदां ऐकली आहे. गवंडी मिळतो, परंतु तो सिमेंटच बरें असें सांगतो, कारण सिमेंटचें काम दोन दिवसांत आटोपतें. येथें लॉरी बेकर यांचें स्मरण होतें. १९१७ सालीं बर्मिंगहॅम येथें जन्मलेले हे क्वेकर पंथाचे शिल्पज्ञ १९४५ सालीं कुष्ठरोग्यांच्या मिशनच्या इमारतींच्या कामासाठीं हिंदुस्थानांत आले, आणि २००७ सालीं तिरुवनंतपुरम् येथें वारले. चीनहून परततांना मुंबईस त्यांची गांधीजींशीं भेट झाली होती. घर पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या वस्तूंनीं बांधावें, हा गांधीजींचा विचार आपल्या मनांत कायमचा राहिला असें ते सांगत. त्यांनीं केरळांत विटा, चुना व माती यांनीं स्वस्त व सुंदर घरें बांधलीं. त्यासाठीं गवंड्यांना कामावरच शिकविलें. केरळ व देश यांची हवा निराळी, तरी जवळच्या वस्तूंवर व जवळच्या कारागिरावर भिस्त ठेवण्याची त्यांची रीत येथेंहि चालते. आपल्या गांवांत एखादा वृद्ध गवंडी असेल तर त्याला ओट्यावर बसवून तरुण गवंड्याकडून काम करवून घ्यावें. यांत घराचें काम होतें व विद्याहि एका पिढींतून दुसरींत जाते.

लाकडावरचा तेलरंग काढतांना तर अधिकच जपलें पाहिजे. जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा फार संभव असतो. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक असूं नये, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाचा भरंवसा धरूं नये. कोरड्या कागदानें घासल्यास शिशाची धूळ घरभर पसरते व ती लहान मुलांच्या बुद्धीला अपाय करते. म्हणून लाकूड ओलें करून खरवडावें, तोंडावर चांगला मुखवटा बांधावा, आणि तेवढे दिवस मुलांनीं व गरोदर स्त्रियांनीं दुसरीकडे राहावें. खालचें सागवान उघडें झालें कीं त्यावर जवसाच्या तेलाचा हात पुरेसा होतो. तेलाचे बोळे मात्र ढीग करून टाकूं नयेत. ते आपोआप पेटतात. पाण्यांत भिजवून मगच टाकावेत.

येथवर गवंड्याचें व सुताराचें काम झालें. सामान कमी करणें हें घरांतील माणसांचें काम आहे, आणि तें सर्वांत नाजूक. नव्या पुस्तकांतील चित्रें पाहून तरुण मंडळी एका रविवारीं घर रिकामें करावयास निघतात. आमच्या माहितीच्या एका घरीं आजीबाईंचें जातें व लोणच्याच्या बरण्या असेंच भंगारवाल्याच्या गाडीपर्यंत पोंचल्या होत्या. आजीबाई कांहीं बोलल्या नाहींत; त्या फक्त गाडीशेजारीं जाऊन उभ्या राहिल्या. बरण्या परत आल्या, आणि आज त्या स्वयंपाकघरांतील कोनाड्यांत आहेत, लोणच्यासकट. ज्याची वस्तु त्याला विचारल्याशिवाय ती हलवूं नये, हा पहिला नियम. दुसरा असा कीं, जी वस्तु वापरांत येते ती नजरेसमोर ठेवावी, जी येत नाहीं ती शोभेसाठीं मांडूं नये. तांब्याचा हंडा पाणी भरण्यासाठीं ठेवला तर घराला शोभतो. त्यांत कागदी फुलें खोंचून कोपऱ्यांत उभा केला म्हणजे बिचारा पाहुण्यासारखा अवघडून बसतो. सुटींत विद्यार्थ्यांनीं एक वही घेऊन घरांतील जुन्या वस्तूंची नोंद करावी : ती कोणी आणली, केव्हां, कशासाठीं. वडील मंडळींना विचारतां विचारतां काय ठेवावें व काय द्यावें, याचा निवाडा बराचसा आपोआप होतो.

रिकामी खोली थंड व परकी वाटेल, अशी पुष्कळांना भीति असते. त्यांनीं वर्ध्याजवळील सेवाग्रामास जाऊन बापू कुटी पाहावी. गांधीजी १९३६ सालीं सेगांवास राहावयास आले. त्याच गांवाचें पुढें सेवाग्राम झालें. माती, बांबू व कौलें यांची ती झोंपडी. आंत चटई, बैठें मेज व मोजक्या वस्तु. मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनीं मातीनेंच उठविलेलीं ताडाचीं झाडें व ॐकार. सामान जवळजवळ नाहीं, तरीहि खोली ओकीबोकी वाटत नाहीं. कारण भिंतीवर हाताचा स्पर्श दिसतो व उजेड मऊ असतो.

उजेडाकडे तर आपलें फारच दुर्लक्ष होतें. छताच्या मधोमध एक पांढराफटक दिवा लावला कीं सागवान काळें व माणसें आजारी दिसतात. एल.ई.डी. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आंकडा छापलेला असतो. ६५०० चा उजेड निळसर पांढरा, २७०० ते ३००० चा पिवळसर, समईच्या जवळचा. माजघरांत दुसऱ्या प्रकारचे दोन-तीन लहान दिवे दिवळ्यांत ठेवावेत; अभ्यासाच्या जागीं मात्र उजेड भरपूर असावा, तेथें सौंदर्याची सबब चालणार नाहीं. चुन्याच्या सफेतींत चिमूटभर पिवडी किंवा काव घातली म्हणजे भिंतीचा रंग डोळ्यांना सोसतो.

ज्याची खरी उणीव आहे तें नवें घालावें, असें आम्हीं वर म्हटलें. वृद्धांसाठीं घरांतच शौचालय, तेथें भिंतीला धरावयास कठडा, उंच उंबरठ्याशीं एक पायरी, आणि पाय न घसरणारी फरशी या गोष्टींत काटकसर करूं नये. गुळगुळीत चकचकीत फरशीपेक्षां खरबरीत शहाबादी बरी. विजेच्या जुन्या तारा सर्व बदलाव्यात व गळती होतांच प्रवाह तोडणारें यंत्र बसवावें. तारांसाठीं मातीच्या भिंतींना खांचा पाडूं नयेत. नळी भिंतीवरून उघडी न्यावी. ती दिसली तर दिसेना!

कामाचा क्रम ऋतूंवर बसवावा. फाल्गुनांत सिमेंट काढावें, चैत्र-वैशाखांत भिंती सुकूं द्याव्यात, मृगापूर्वीं कौलें चाळून फुटकीं बदलावींत. पावसाळाभर भिंत तशीच उघडी ठेवून ओल कोठें येते तें खडूनें खुणा करून पाहावें. हें काम मुलांनीं आनंदानें करावें, त्यांची नजर चांगली असते. दसऱ्याच्या सुमारास त्या जागांची दुरुस्ती, दिवाळीनंतर चुन्याचा पहिला हात, आणि दोन हातांमध्यें पुरेसा अवकाश ठेवल्यास सफेतीचा शेवटचा हात नाताळाच्या आठवड्यांत बसतो.