सैनिकाचा सन्मान : कावेरीकाठची साक्ष

तंजावरचे नाव निघाले की मराठी श्रोत्यास व्यंकोजीराजांची गादी आठवते, सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह आठवतो. परंतु कावेरीच्या मुखाकडील या सुपीक मुलखाने आणखी एका गोष्टीची साक्ष दगडात आणि ताम्रपटांत जपून ठेवली आहे. लढणाऱ्या माणसाचा मान समाजाने कसा राखावा, ही ती गोष्ट होय.

कुंभकोणमजवळ तिरुप्पुरंबियम नावाचे गाव आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस येथे पांड्य राजा वरगुण आणि पल्लव राजा अपराजित यांच्या सेनांत मोठे युद्ध झाले. पल्लवांच्या बाजूने लढणारा गंगवंशीय पृथ्वीपती या रणात पडला. विजय मात्र पल्लवांचा झाला. ‘अपराजित’ हे मित्राचे नाव त्याने स्वतःचे प्राण देऊन सार्थ केले, अशा आशयाचे वर्णन त्याच्या नातवाच्या उदयेंदिरम ताम्रपटात आढळते. मृत वीराच्या ऋणाचा याहून नेटका उच्चार क्वचितच सापडेल.

पण पृथ्वीपती राजकुलातला होता. सामान्य शिपायाचे काय? तमिळ शिलालेखांत ‘उदिरप्पट्टी’ असा एक शब्द येतो. ‘उदिरम्’ म्हणजे रुधिर. लढाईत किंवा गावाच्या रक्षणात जो पडला, त्याच्या कुटुंबास दिलेली जमीन ती उदिरप्पट्टी. मराठेशाहीत रणात पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी ‘बालपरवेशी’ देत असत; दोन्हींमागील भावना एकच आहे. भातशेतीच्या मुलखात जमीन म्हणजे दरवर्षीचे अन्न. त्यामुळे मेलेल्याची स्तुती एकदा करून भागत नसे. प्रत्येक सुगीला त्याच्या घरात धान्य येई, आणि ते कोणामुळे आले हे घरातील मुलांना ठाऊक असे.

राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या शिलालेखांतही सेनेची आठवण आहे. राजाच्या व राजकुलाच्या दानांबरोबर धनुर्धरांच्या, घोडेस्वारांच्या आणि हत्तीवरील योद्ध्यांच्या पथकांची नावे तेथे कोरलेली आहेत.

याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. पुढे, १८१४ च्या सुमारास, त्यांनी समुद्रकाठी मनोरा नावाची षट्कोनी, आठ मजली वास्तू उभारली. इंग्रजांचा विजय आणि नेपोलियनचा पाडाव यांचे ते स्मारक. त्यावरील लेखांत मराठीही आहे. वास्तू देखणी आहे. पण ती विजयाचे स्मारक आहे, सैनिकाचे नव्हे. त्या युद्धात कोण पडले आणि त्यांच्या घरी काय उरले, हे ती सांगत नाही.

हा भेद पुढील काळातही दिसतो. नागपट्टणम बंदरातून असंख्य तमिळ मजूर मलायातील रबराच्या मळ्यांवर गेले होते. नेताजींनी हाक देताच मलायातील मळेकऱ्यांपैकी पुष्कळ जण आझाद हिंद सेनेत भरती झाले. स्वातंत्र्यानंतर या सेनेचा जयजयकार देशभर झाला. तथापि तिच्या सैनिकांना सामावून घेणारी केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना १९७२ साली सुरू झाली. महायुद्ध संपून तोवर सत्तावीस वर्षे लोटली होती. जयजयकारास विलंब लागला नाही. विलंब लागला तो निर्वाहाच्या सोयीस. ज्यांना तेवढे आयुष्य लाभले नाही, त्यांच्या वाट्यास केवळ जयजयकारच आला.

१९४९ पासून ७ डिसेंबर हा दिवस ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी जमणारा निधी वीरपत्नी, अपंग जवान आणि माजी सैनिक यांच्या कल्याणासाठी असतो. छातीवर लावलेला कागदी ध्वज संध्याकाळी उतरविला जातो. परंतु सैनिकाच्या विधवेचा अर्ज कचेरीतून किती दिवसांत निकालात निघतो, निवृत्त जवानास काम मिळते की नाही आणि त्याच्या मुलांचे शिक्षण पुरे होते की नाही, यांवरूनच आपल्या आदराची खरी पारख होते. उदिरप्पट्टी देणाऱ्या ग्रामस्थांना हे उमगले होते. कृतज्ञता त्यांनी शब्दांवर सोडली नाही. तिला शेताची हद्द आखून दिली.