माहितीला मुदत हवी

एखाद्या जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीतील लोखंडी कपाट उघडून आतील कागदांची वर्गवारी लावावयास कोणी बसले, तर त्याच्या हाती पहिल्या तासाभरातच असे अर्ज लागतील, की ज्यांतील भाडेकरू पंधरा-वीस वर्षांपूर्वी ती इमारत सोडून गेले, परंतु ज्यांची छायाचित्रे, शिधापत्रिकेच्या झेरॉक्स प्रती, मूळ गावचे पत्ते, पगाराचे दाखले आणि ओळख देणाऱ्या इसमांची नावे टाचणीने टोचलेली तशीच शाबूत आहेत. टाचणीचा गंज तेवढा छायाचित्रातल्या कपाळावर उतरला आहे. हे कागद कोणी दुष्ट हेतूने जपले असे नाही. ज्या दिवशी ते घेतले त्या दिवशी पोलीस ठाण्याला वर्दी देण्यासाठी त्यांची खरोखरच गरज होती; भाडेकरूने घर सोडले त्या दिवशी ती गरज संपली, पण गरज संपल्यावर कागदाची वासलात कोणी लावावयाची हे कधी ठरलेच नव्हते, सबब ते राहिले. इस्पितळे, शिकवणीवर्ग, लॉज, विमा कंपन्या आणि नोकरीचे अर्ज मागवणारी कार्यालये यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हाच प्रकार आहे. फक्त कपाटाची जागा आता संगणकाने घेतली आहे, आणि संगणकात जागेची अडचण होत नसल्यामुळे कागद काढून टाकण्याचे उरलेसुरले निमित्तही नाहीसे झाले आहे.

वैयक्तिक माहिती किती काळ ठेवावी, या प्रश्नाला वर्षांच्या आकड्यात एकच एक उत्तर नाही, आणि ते असूही नये. जगभरच्या खासगीपणाच्या कायद्यांनी दिलेले उत्तर प्रयोजनाशी बांधलेले आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम चालू असेतोवर ती ठेवावी, आणि दुसऱ्या एखाद्या कायद्याने ती पुढेही राखण्याची सक्ती केली असेल तर तेवढी मुदत ठेवावी, त्यापलीकडे मात्र ती बाळगण्याचा अधिकार संस्थेला उरत नाही. आपल्या संसदेने संमत केलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाच्या आठव्या कलमात हेच तत्त्व आहे. माणसाने दिलेली संमती मागे घेतली, किंवा मूळ प्रयोजन आता उरलेले नाही असे मानण्यास वाजवी कारण झाले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा माहिती पुसली पाहिजे, आणि आपल्या वतीने ती हाताळणाऱ्या कंत्राटदाराकडूनही पुसवून घेतली पाहिजे, असे ते कलम सांगते. कायद्यातच उदाहरण दिले आहे : जुनी मोटार विकण्यासाठी एखाद्या बाईने ऑनलाइन बाजारात नाव नोंदवले, मोटार विकली गेली, की त्या बाजाराने तिची माहिती पुढे ठेवता कामा नये.

या तत्त्वाची पूर्वपीठिकाही ध्यानात घेण्याजोगी आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. आणि पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात, ओळख पटवल्याच्या प्रत्येक प्रसंगाची नोंद पाच वर्षे जतन करण्याची तरतूद रद्द करून, अशी नोंद सहा महिन्यांपलीकडे ठेवता येणार नाही असे न्यायालयाने ठरवले. यातील मर्म असे की, कोणाचा अंगठा केव्हा उमटला ही नोंद एकेकटी पाहिली तर क्षुल्लक असते. पण अशा नोंदींची पाच वर्षांची माळ जुळवली म्हणजे त्या माणसाच्या आयुष्याचा क्रमच परक्याच्या हाती लागतो. माहिती धोक्याची ठरते ती पुष्कळदा तिच्या स्वरूपामुळे नव्हे, तिच्या साठ्यामुळे.

ज्या मुदती अन्य कायद्यांनी घालून दिल्या आहेत त्यांत मात्र संस्थेला मनमानी करता येत नाही. दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे राखण्याचे बंधन डॉक्टरांवर २००२ च्या आचारनियमांनी घातले आहे. खाते बंद झाल्यावरही खातेदाराच्या ओळखीचे पुरावे पाच वर्षे ठेवणे काळ्या पैशाला आळा घालणाऱ्या कायद्यान्वये बँकेस भाग आहे. कंपनीने आपल्या हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षे सांभाळावयाच्या असतात. येथे एक गल्लत सर्रास होते. हिशेब आठ वर्षे ठेवावयाचे म्हणून गिऱ्हाइकाची जन्मतारीख, त्याचा फोटो आणि त्याच्या बायकोचा मोबाइल नंबरही आठ वर्षे ठेवण्याची मुभा मिळाली, असे कित्येक कारकून प्रामाणिकपणे समजतात. कायद्याची मुदत त्या त्या कागदापुरती असते, संबंध गठ्ठ्याला नसते.

बर्लिन शहरातील एका प्रकरणाने असा गठ्ठा बाळगण्याचा प्रश्न साऱ्या युरोपच्या नजरेस आणला. डॉइच वोनेन ही तेथील बलाढ्य घरमालक कंपनी. भाडेकरूंनी घर घेताना दिलेल्या पगाराच्या पावत्या, नोकरीच्या करारांतील उतारे, कर आणि आरोग्यविम्याची माहिती, बँकेची विवरणे, हे सारे तिच्या संगणकीय दप्तरात पडून होते, आणि त्या दप्तराची रचनाच अशी होती की गरज सरलेली माहिती त्यातून पुसण्याची सोय नव्हती. २०१७ मध्ये तपासणी होऊन ताकीद मिळाली. २०१९ मध्ये पुन्हा पाहिले तो परिस्थिती फारशी बदललेली नव्हती. तेथील माहितीसंरक्षण आयुक्तांनी कंपनीस सुमारे १ कोटी ४५ लाख युरोंचा दंड ठोठावला, आणि त्याविरुद्धचे भांडण न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. माझ्या मते या प्रकरणातील बोध दंडाच्या रकमेत नाही. माहिती चोरीस गेली, कोणाचे नुकसान झाले, असा आरोपच येथे नव्हता. कारण नसताना ती बाळगणे हाच अपराध मानला गेला.

ही कल्पना परदेशातून आयात करावी लागेल असेही नाही. महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत कागद निकाली निघाला की त्यावर अ, ब, क, ड यांपैकी वर्ग लिहिण्याचा शिरस्ता जुना आहे : ‘अ’ वर्गातले कायमचे, ‘ब’ वर्गातले तीस वर्षे, आणि ‘ड’ वर्गातले वर्षभरात नाशनास पात्र. अभिलेखकक्षातल्या या कामाला निंदणीकरण म्हणतात; पिकातले तण उपटावे तसे दप्तरातले निकामी कागद काढून टाकावयाचे. नव्या कायद्याची अपेक्षा याहून एकच पाऊल पुढची आहे, ते म्हणजे प्रकरण निकाली निघाल्यावर नव्हे, तर माहिती हातात घेतानाच तिचे प्रयोजन, आणि म्हणून तिची अखेर कशाने होणार हे, ठरलेले असावे.

वाटेल ते पुसून मोकळे व्हावे, असा याचा अर्थ कोणी करू नये. वेस्ट इंडीजमधून युद्धोत्तर काळात ब्रिटनमध्ये आलेल्या लोकांची आगमनपत्रके तेथील गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली, आणि पुढे जेव्हा त्याच खात्याने त्या वृद्धांकडे देशात राहण्याच्या हक्काचा पुरावा मागितला, तेव्हा कित्येकांचा आधारच नाहीसा झालेला होता. २०१८ मध्ये या अन्यायाचा बभ्रा झाला. तेव्हा कागद कोणाच्या कामाचा, हे नष्ट करण्यापूर्वी विचारलेच पाहिजे. इतिहासाचीही बाजू आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल वेळीच जाळले गेले असते, तर इतिहासकार सरदेसायांनी संपादिलेले पंचेचाळीस खंड आपल्या हाती आले नसते. संशोधन आणि अभिलेखन यांसाठी राखलेल्या माहितीस नव्या कायद्याने अटींसह सूट दिली आहे, ती योग्यच आहे; परंतु त्या माहितीच्या आधारे एखाद्या विशिष्ट इसमाविषयी निर्णय घ्यावयाचा नाही, ही त्यातील अट विसरता कामा नये.

जी सूट मला योग्य वाटत नाही ती सरकारने स्वतःला दिलेली आहे. खासगी दुकानदाराने काम संपताच माहिती पुसावी, परंतु सरकार आणि सरकारी यंत्रणा यांना ते बंधन नाही, असे हाच कायदा सांगतो. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाखाली पोलिसांनी घेतलेले बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांच्या नोंदी ७५ वर्षे जतन करता येतात. पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या बाबतीत ही मुदत त्याच्या शंभरीपर्यंत पोचते. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे, पण ती प्रत्यक्षात नष्ट झाली की नाही, हे त्या बिचाऱ्याने कोणत्या खिडकीवर विचारावे? २०२३ च्या माहिती संरक्षण अधिनियमाखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये जारी झालेल्या नियमांतही असाच अंतर्विरोध आहे. किमान दोन कोटी नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ऑनलाइन बाजारांनी, तीन वर्षे न फिरकलेल्या ग्राहकाला ४८ तास आधी कळवून त्याची माहिती पुसावी, ही उत्तम तरतूद. पण त्याच नियमांनी सर्वच संस्थांना माहिती आणि तिच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष राखण्यास सांगितले आहे, तेही सरकारला मागता याव्यात म्हणून. काम आठवड्यात संपले तरी माहिती वर्षभर राहणार.

शिवाय २०२३ चा हा कायदा संगणकीय माहितीपुरताच आहे. गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावरच्या वहीत आपण नाव, मोबाइल नंबर आणि कोणाकडे जावयाचे ते लिहितो. पुढचा पाहुणा मागच्याचा नंबर आरामात वाचतो. ती वही भरली की रद्दीत जाते. आणि कायदा तिला शिवतही नाही. तीच माहिती पहारेकऱ्याने मोबाइलमधल्या ॲपवर भरली की मात्र कायदा लागू होतो. पुसण्याचे कामही वाटते तितके सोपे नाही. मूळ नोंद गेली तरी तिची एक प्रत बॅकअपमध्ये, दुसरी हिशेबनिसाच्या एक्सेलमध्ये आणि तिसरी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटात फोटोच्या रूपाने जिवंत असते. म्हणून कोणता कागद कोठे आहे, तो का घेतला आणि केव्हा जाईल, याचा एक तक्ता प्रत्येक संस्थेने करावा, आणि त्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर टाकावी. अशा तक्त्याला मोठा खर्च लागत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसाला तो दोन रविवारांत करता येईल.

संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्यांचा अंमल नियम जारी झाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये सुरू व्हावयाचा आहे. त्यानंतर संमतीने दिलेली माहिती पुसून मागण्याचा हक्क आपल्याला बजावता येईल, आणि तक्रारीची दाद नव्वद दिवसांच्या आत लावणे संस्थेवर बंधनकारक राहील. पण झेरॉक्स हातात देताना ‘ही किती दिवस ठेवणार?’ असे विचारण्यासाठी त्या तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही. वाचकांनी ते आजच विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.